विसरलेली नायिका आणि न विसरणारा वाचक

नमस्कार. आज ज्या कादंबरीविषयी मी बोलणार आहे, तिचे नाव मराठीत आणायचे तर ‘तीन जन्म, तीन जगे, दहा ली पसरलेला पीचचा बहर’ असे काहीसे होईल. ‘ली’ हे चिनी माप साधारण अर्ध्या किलोमीटरचे आहे. थांगछी या लेखिकेची ही कादंबरी २००९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि २०१७ मध्ये तिच्यावर ५८ भागांची मालिका निघाली. पुढे कथानक उघड होणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

या साहित्यप्रकाराला चिनी भाषेत ‘श्येनश्या’ म्हणतात. ‘श्येन’ म्हणजे साधनेने अमर झालेला सिद्ध आणि ‘श्या’ म्हणजे वीर. या सिद्धांना ज्या दैवी संकटांतून पार व्हावे लागते, त्यांना ‘च्ये’ असा शब्द आहे, आणि या अर्थाने तो बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरातून, म्हणजे थेट आपल्या ‘कल्प’ या शब्दावरून आलेला आहे. कल्पान्ती होणाऱ्या संहाराची छाया त्या शब्दावर पडत गेली आणि त्याला संकटाचा अर्थ चिकटला. हे कळल्यापासून मला ते जग फारसे परके वाटेनासे झाले.

नायिका बाय छ्येन ही छिंगछ्यू प्रदेशातील नऊ शेपट्यांची शुभ्र कोल्हीण आहे. ‘पर्वत आणि समुद्रांचा ग्रंथ’ या प्राचीन चिनी ग्रंथातही छिंगछ्यूचा असा कोल्हा आढळतो. एका युद्धानंतर तिची स्मृती आणि शक्ती हरपते, ती सू सू नावाची साधी मर्त्य स्त्री होऊन डोंगरावर राहते आणि स्वर्गाचा युवराज ये ह्वा याच्याशी तिचा विवाह होतो. स्वर्गात मात्र सू चिन नावाची देवी तिच्यावर खोटा आळ घेते, शिक्षा म्हणून तिचे डोळे काढून सू चिनला दिले जातात, आणि बाळाला जन्म देऊन ती स्वर्गाच्या कड्यावरून उडी घेते. त्या उडीने तिचे देवत्व परत येते. ती औषध पिऊन हे सारे विसरते. आणि ३०० वर्षांनी तोच पुरुष व तेच मूल तिच्यासमोर उभे राहतात.

लेखिकेने सू सूची कहाणी पुस्तकाच्या आरंभीच सांगितली आहे, आणि माझ्या मते कादंबरीचे सगळे बळ त्या एका निर्णयात आहे. त्यानंतर १,४०,००० वर्षांची बाय छ्येन आपली हकिगत स्वतःच, वडीलधाऱ्या बाईच्या आळसावलेल्या, मिश्कील सुरात सांगू लागते, आणि तिला ठाऊक नसलेले सर्व काही आपल्याला ठाऊक असते. छोटा आ ली तिला ‘आई’ म्हणून बिलगतो, तेव्हा तिला तो गैरसमज वाटतो आणि वाचकाच्या घशात मात्र आवंढा येतो. मालिकेने घटना कालक्रमाने लावल्या, त्यामुळे हा परिणाम तिच्यात बराच ओसरला.

परंतु ज्या विस्मृतीवर ही कादंबरी उभी आहे, तीच तिला दुबळीही करते. ये ह्वाने पत्नीला वाचवण्यासाठी मौन पाळले, तिच्याविषयी बेपर्वाई दाखवली आणि तिचे डोळे काढण्याचे काम स्वतःच्या हातांनी केले. एवढ्या भयंकर गोष्टीचा जाब त्याला समोरासमोर विचारला जावा, अशी माझी अपेक्षा होती. स्मृती परतल्यावर बाय छ्येन सू चिनकडून आपले डोळे परत घेते आणि तो प्रसंग चोख उतरला आहे, पण पतीशी हिशेब होण्याआधीच तो युद्धात प्राण देतो, आणि पुढे तो जिवंत परतल्यावर प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेलेली असते. मृत्यूने अपराध धुतला गेला, असे लेखिकेने गृहीत धरले आहे. मला ते पटले नाही. सू चिनही मत्सरापलीकडे कुठेच उलगडत नाही.

काळाचेही तसेच. गुरू मो युआनचा देह टिकावा म्हणून बाय छ्येन ७०,००० वर्षे आपल्या हृदयाचे रक्त देते. पुराणांतले प्रचंड आकडे आपल्याला नवे नाहीत, पण तिथे युग पालटले की माणूस आणि धर्म दोन्ही पालटतात. इथे हजारो वर्षे लोटली तरी कोणाच्या स्वभावावर एक सुरकुती पडत नाही.

तरीही वाचायचे ठरवलेत, तर पुस्तकाला जोडलेले ये ह्वाचे प्रकरण सोडू नका. आपण मौन का पाळले, हे तो तिथे सविस्तर उलगडतो, पण ते ऐकायला सू सू समोर नसते, केवळ आपण असतो.