सेराडोहून नाकालाकडे : त्रिकोणी सहकार्यातला तिसरा कोन

श्रोतेहो, एखाद्या विकसनशील देशाने स्वतःचा प्रश्न सोडवताना मिळवलेले ज्ञान तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या देशाला द्यायचे आणि त्यासाठी लागणारा पैसा व व्यवस्था एखाद्या सधन देशाने किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेने पुरवायची, याला त्रिकोणी सहकार्य म्हणतात. विकसनशील देशांनी परस्परांना तांत्रिक साहाय्य करावे, हा विचार १३८ देशांनी १९७८ साली ब्युनोस आयर्स येथे कृती-आराखड्याच्या रूपाने स्वीकारला. २०१९ साली त्याच शहरात भरलेल्या परिषदेने त्रिकोणी सहकार्याचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले. ही कल्पना मला मनापासून पटते, आणि म्हणूनच तिचे जे उदाहरण फसले त्याविषयी मी आज सविस्तर बोलणार आहे.

या कथेची सुरुवात ब्राझीलच्या सेराडो या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात होते. तिथली माती आम्लयुक्त, ॲल्युमिनियमने बाधित आणि स्फुरदाच्या बाबतीत कंगाल होती. १९७३ साली अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली, तेव्हा आयातीवर विसंबून असलेल्या जपानला मोठा धक्का बसला आणि तो दुसरा पुरवठादार शोधू लागला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एंब्रापा या ब्राझीलच्या कृषिसंशोधन संस्थेने पुढे उष्ण प्रदेशात तग धरणारे सोयाबीनचे वाण तयार केले. चुना आणि स्फुरद घालून जमीन सुधारण्यात आली, नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचा वापर झाला, आणि १९७९ ते २००१ या काळात जपानच्या साहाय्याने तिथे शेतीविकासाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. उत्पादनाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. मात्र सेराडोला ‘रिकामी जमीन’ म्हणणे तेव्हाही खरे नव्हते, कारण शावांतेंसारखे आदिवासी समाज तिथे राहत होते. या प्रदेशातील जवळजवळ निम्मी नैसर्गिक वनस्पतिसृष्टी आज नाहीशी झाली आहे.

सप्टेंबर २००९ मध्ये जपान, ब्राझील आणि आफ्रिकेतील मोझांबिक यांनी प्रॉसावाना नावाच्या कार्यक्रमाचा करार केला. उत्तर मोझांबिकमधील नाकाला बंदराकडे जाणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे नांपुला, झांबेझिया आणि नियासा या प्रांतांतील १ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रात, सेराडोचा अनुभव उपयोगात आणावा अशी ती योजना होती. दोन्ही प्रदेश जवळपास सारख्याच अक्षांशांवर आहेत, दोन्ही गवताळ आहेत आणि दोन्हीकडे पोर्तुगीज भाषा चालते, ही साम्ये कराराच्या वेळी पुनःपुन्हा सांगितली गेली. परंतु नाकालाच्या पट्ट्यात लक्षावधी छोटे शेतकरी मका, कसावा, भुईमूग आणि तूर पिकवत होते. काही वर्षे पिकवलेली जमीन ते पुढची काही वर्षे पडीक ठेवत, आणि दुरून पाहणाऱ्याला ओसाड वाटणारी ही पडीक जमीन त्यांच्या शेतीचाच भाग होती. मोझांबिकमध्ये जमिनीची मालकी राज्याची आहे. १९९७ चा कायदा वहिवाटदाराचा हक्क कागद नसतानाही मानतो. पण सातबारा नसलेल्या वहिवाटीचे मोठ्या गुंतवणुकीपुढे काय होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही आदिवासी पाड्यावर विचारता येईल.

ऑक्टोबर २०१२ मध्ये युनाक या मोझांबिकच्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेने या कार्यक्रमावर जाहीर आक्षेप घेतला. संघटनेच्या प्रतिनिधींनी ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यातील सोयाबीनची अफाट शेतेही पाहिली. पुढच्या वर्षी आराखड्याचा मसुदा बाहेर फुटला, आणि मोझांबिकमधील वीसहून अधिक संघटनांनी तिन्ही देशांच्या प्रमुखांना खुले पत्र लिहून कार्यक्रम थांबवण्याची मागणी केली. ऑगस्ट २०१३ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुतो येथे मोझांबिक, ब्राझील आणि जपान या तिन्ही देशांतील शेतकरी व नागरी संघटना एकत्र आल्या. त्यांनी त्या सभेला ‘लोकांची त्रिकोणी परिषद’ असे नाव दिले. मला ही घटना या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारांच्या त्रिकोणात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी आपला त्रिकोण उभारला आणि अनुभव, माहिती व पाठिंबा यांची तीच देवाणघेवाण केली, जी मुळात या सहकार्याकडून अपेक्षित होती.

२०१४ मध्ये ‘प्रॉसावाना नको’ ही मोहीम सुरू झाली. २०१८ मध्ये मापुतोच्या प्रशासकीय न्यायालयाने तेथील वकील संघटनेची तक्रार मान्य करून कार्यक्रमाची माहिती खुली करण्याचा आदेश दिला, आणि जुलै २०२० मध्ये कार्यक्रम अधिकृतपणे संपला. मधल्या काळात आराखडा लहान शेतकऱ्यांच्या बाजूने बदलण्याचा प्रयत्न झाला होता, हेही नोंदवले पाहिजे, पण तोवर विश्वास उरला नव्हता.

ज्या शेतकऱ्यांविषयी आपण बोललो, त्यांची तूर भारतातही येते. २०१६ साली भारताने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला. त्याच हंगामात महाराष्ट्रात तुरीचे विक्रमी पीक आले, भाव हमीभावाच्या खाली गेले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. त्याचा फटका नांपुला आणि झांबेझियातल्या शेतकऱ्याला बसला. लातूरच्या बाजारात तूर घेऊन आलेला शेतकरीही त्याच वर्षी पडलेल्या भावाशी झगडत होता, आणि या दोघांना एकत्र बसवणारी सहकार्याची कोणतीही चौकट तेव्हा कोणी आखली नव्हती.