दोन घरचा पाहुणा

मंडळी, 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण लग्नकार्यात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. यांना वाटतं तो तिकडे जेवला, त्यांना वाटतं इकडे. पाहुणा भिडस्त, तो काही बोलत नाही. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात नोकरीची सगळी वर्षं काढल्यावर मला वाटायला लागलंय की अपघात का होतात, हे सांगायला एवढी म्हण पुरते.

तरी थोडं शास्त्र सांगतो. जेम्स रीझन नावाचे इंग्लंडमधले एक मानसशास्त्रज्ञ एकदा चहा करत होते. मांजर पायाशी ओरडत होतं. गृहस्थांनी मांजराचं खाणं चमच्यानं काढलं आणि चहाच्या किटलीत टाकलं! पुढे माणूस चुकतो कसा, हाच त्यांचा अभ्यासाचा विषय झाला. १९९०च्या सुमारास त्यांनी मांडलं की माणूस चुकणारच, म्हणून चुकीच्या वाटेत एकामागे एक अडसर हवेत. प्रत्येक अडसराला भोकं असतात. हे समजावताना तिकडे भोकांच्या चीजच्या चकत्या दाखवतात. आपण दिवाळीचे अनारसे घेऊ. एकाला जाळी असते. चार एकावर एक रचले की आरपार काही दिसत नाही, कारण जाळ्या जुळत नाहीत. जुळल्या, की अपघात.

आता त्या जुळतात कशा? 'नशीब फुटकं' हे उत्तर मला पटत नाही. भोपाळचंच बघा. डिसेंबर १९८४, दोन आणि तीन तारखेच्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन. ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं, पण शीतयंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली. गॅस निसटला तर कॉस्टिक सोड्यानं धुऊन काढायला स्क्रबर होता, तो चालू नव्हता. उरलेला गॅस जाळून टाकायला फ्लेअर टॉवर, तर त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला. शेवटी पाण्याचे फवारे. गॅस ज्या उंचीवरून बाहेर पडत होता, तिथवर ते पोचलेच नाहीत. टाकीत पाणी कसं शिरलं यावर अजून वाद आहेत, त्यात मी पडत नाही.

पण हे सगळे अडसर काही त्या एका रात्रीत मोडले नाहीत. कारखाना तोट्यात, उत्पादन घटलेलं, खर्चाला कात्री लावायची. जो जो अडसर बाजूला ठेवला, तो ठेवताना 'बाकीचे आहेतच की' असं कुणीतरी मनाशी म्हटलं असणार. म्हणजे पाहुणा तिकडे जेवला असेल. त्याच कारखान्याचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५मध्ये १२ कंटेनरमधून आपल्या पीथमपूरला आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. धोका होऊ नये याचा बंदोबस्त आहे, असं त्यांना सांगितलं जात होतं. भोपाळनंतर 'आहे' या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? 'आहे' आणि 'चालू आहे' यांत किती अंतर असतं, ते तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आमच्याकडचं सांगतो. पॅकिंग सुरू करण्याआधी आधीच्या बॅचची लेबलं उरली नाहीत ना, हे बघायचं आणि सह्या करायच्या. चार सह्या. एकदा चारही सह्या झाल्या आणि जुन्या लेबलांचा रोल मशीनवर तसाच! चौकशीत पहिला म्हणाला, माझ्यानंतर तिघं बघणार होते. चौथा म्हणाला, माझ्याआधी तिघांनी बघितलं होतं. यावर आम्ही काय केलं असेल? पाचवी सही वाढवली! हसू नका, तुमच्याही ऑफिसात हेच होतं.

अक्कल पुढच्या वर्षी आली. पाचातल्या तीन सह्या काढून टाकल्या. दोघंच ठेवले आणि दुसऱ्याला पहिल्याचा कागद दाखवणं बंद केलं. त्याला कोरा कागद. रोलवरचा बॅच नंबर त्यानं स्वतः वाचून लिहायचा. दोन्ही कागद जुळले तरच मशीनला वीज. पहिल्या आठवड्यात दोनदा जुळले नाहीत, आणि सुपरवायझर माझ्यावर भडकले की काम अडतंय.

आणि तो जुना रोल कुणी पकडला होता, ते सांगायचं राहिलंच. खोके बांधणाऱ्या एका बाईंनी. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. 'साहेब, कालचा पट्टा निळा होता, आजचा हिरवा पाहिजे ना?' एवढंच त्यांनी विचारलं. सहीच्या कागदावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता.