पट मोजला, वाचन कोण ऐकणार?

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘शालेय शिक्षणाचा ढासळता दर्जा’. मी फोनवर सांगितला होता तो ‘दर्जा ढासळला आहे का?’ असा. प्रश्नचिन्ह छापखान्यात गळालं की कार्यकारिणीच्या बैठकीत, ते मी विचारत नाही. पण झालंय असं, की तुमच्यातले निम्मे लोक निकाल ऐकायला आलेत आणि मला अजून खटला चालवायचाय.

मी जिल्हा परिषदेत शिक्षक होतो, मग केंद्रप्रमुख झालो आणि विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून कुठल्याही लग्नात जेवायला बसलो की शेजारचा माणूस विचारतो, “काय हो गुरुजी, हल्लीच्या पोरांना साधं वाचतासुद्धा येत नाही म्हणे?” उत्तराची वाट तो बघत नाही. लगेच सांगतो, आमच्या वेळी चौथी झालेला माणूस तलाठ्याची चूक काढायचा. आणि जिलबी येईपर्यंत आम्ही पाढ्यांवर आलेले असतो. तीसपर्यंतचे पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी.

आता समोर बहुतेक डोकी पांढरीच दिसतायत, तर विचारूनच घेऊ. औटकी कोणाकोणाला येत होती? हात वर करा. वा, बरेच आहेत. मग औटकीत नवाला किती? (शांतता. मग हशा.) मागून कोणीतरी एकतीस म्हणालं. साडेएकतीस, काका. अर्धा वाटेत सांडला. असू द्या. तुमचा दोष नाही. रुपयाचे सोळा आणे होते, शेर-पायलीची मापं होती, तोवर या कोष्टकांना बाजारात किंमत होती. १९५७ साली नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले. त्यानंतर औटकी न येणाऱ्या पोराला कोणी दुकानात फसवू शकेना. त्यामुळे पाढ्यांवरून आजच्या मुलांना नापास करायचं असेल तर मी त्या समितीवर नाही. वाचनाचं म्हणाल तर मी बोलायला तयार आहे, कारण त्याचा बाजारभाव उतरलेला नाही.

‘आमच्या वेळी’ म्हणजे नक्की कोणाच्या वेळी, हे बघायला एक उत्तम कागद आहे. प्रत्येक जुन्या शाळेत तो असतो: जनरल रजिस्टर. काही जण त्याला दाखलखारीज म्हणतात. मोठ्या आडव्या पानांचं, कापडी पुठ्ठ्याचं, वाळवीनं कडा खाल्लेलं. जातीचे दाखले काढायला लोक याच रजिस्टरच्या मागे लागतात, म्हणून ते कुलपात असतं. मला तपासणीला गेलो की ते उघडायची खोड होती. मुख्याध्यापक बिचारे शेरेबुक पुढे करायचे आणि मी म्हणायचो, जनरल रजिस्टर आणा.

त्यात शेवटच्या बाजूला एक रकाना असतो, ‘शाळा सोडल्याचे कारण’. पन्नास-साठच्या दशकांतली पानं वाचा. ‘गुरे राखणेस’. ‘घरकामास’. ‘लग्न झाले’, हे तिसरीतल्या मुलीपुढे. ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी’. हे तर पानंच्या पानं. पहिलीत भरलेल्या वर्गातली किती नावं चौथीपर्यंत टिकली हे बोटानं खाली खाली सरकत बघावं लागतं, आणि बोट फार वेळा थांबत नाही. जो तलाठ्याची चूक काढायचा तो चौथी ‘झालेला’ माणूस होता. त्याच्याबरोबर पहिलीत बसलेले आणि चौथी न झालेले कुठल्याच लग्नात ‘आमच्या वेळी’ म्हणायला येत नाहीत. आले तरी वाढपी म्हणून.

मुलाला वाचायला आलं नाही तर जुनी शाळा काय करायची? नापास करायची. दोनदा नापास केलं की बाप म्हणायचा, बास झालं, चल शेतावर. वाचता न येणारं मूल दारातून बाहेर गेलं आणि वर्गाचा दर्जा आपोआप उंच झाला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातलं साक्षरतेचं प्रमाण पस्तीस टक्के होतं. २०११ साली ते ८२.३४ झालं. तो पस्तीस टक्क्यांचा काळ ज्यांना सुवर्णकाळ वाटतो त्यांनी उरलेल्या पासष्टांनाही एकदा विचारावं.

आणि तक्रार काही आजची नाही. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. मुंबई इलाख्यातल्या दहांतल्या नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, आणि जिथे आहे तिथलं शिक्षण मुलाला पुढच्या आयुष्यात उपयोगी पडेल असं नाही. बारा वर्षांपर्यंत सक्ती करा असं ते म्हणाले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती करून दाखवली. देशभर शिक्षणाचा हक्क कायद्यानं अमलात आला १ एप्रिल २०१० ला. एप्रिलची पहिली तारीख कोणी निवडली मला माहीत नाही. (हशा.)

आता माझी एक जुनी ठसठस. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं ते मला दिसलं. फार वेळ घेत नाही.

२०११ चा ऑक्टोबर. राज्यभर पटपडताळणी झाली, तीन ते पाच तारखेला. तुमच्यापैकी ज्यांची नातवंडं तेव्हा शाळेत होती त्यांना आठवत असेल. पट फुगवून शिक्षकांची पदं, अनुदान आणि खिचडीचे तांदूळ लाटले जातात अशी तक्रार होती, आणि ती खरीच होती. म्हणून सगळ्या शाळांत एकाच वेळी डोकी मोजायची. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावायची, मतदानाची असते ती. आमच्या पथकात महसूलची माणसं होती, मी आपला वाट दाखवायला. पहिल्याच वस्तीवरच्या शाळेत चौथीतला एक मुलगा शाई लागल्यावर इतका खूश झाला, की मधल्या सुट्टीत घरी जाऊन आजीला सांगून आला, मी मतदान केलं. आजी चिडून शाळेत आली. तिला वाटलं, तिचं मत त्यानं टाकलं. (हशा.) तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला. कारकून भाऊसाहेब म्हणाले, निवडणुकीलाही एवढा वाद होत नाही.

दुपारी एका संस्थेच्या शाळेत गेलो. नाव सांगत नाही. तिथे एका वर्गात हजेरीपटावर भरपूर मुलं आणि बाकांवर त्याच्या निम्मी. वर्गशिक्षक म्हणाले, साहेब, आज बाजार आहे. बाजार मंगळवारचा, त्या दिवशी सोमवार. असो. तक्ता भरून होईपर्यंत मला काही काम नव्हतं. मी बसलेल्या मुलांपैकी, म्हणजे खऱ्या, हाडामांसाच्या मुलांपैकी एकाला जवळ बोलावलं. पाचवीचा वर्ग. म्हटलं, बाळा, फळ्यावर वर काय लिहिलंय? ‘स्वच्छता हीच खरी संपत्ती’ असं काहीतरी होतं. तो ‘स’ म्हणाला आणि थांबला. जोडाक्षरापाशी मुलं थांबतात तसा. मग पुस्तक उघडून सोपी ओळ दिली, काना-वेलांटीची. तिथेही अडखळला. दुसरा बोलावला, तेच. तिसरी मुलगी होती, ती घडाघडा वाचायला लागली. म्हणून मी पान उलटून पुढचं वाच म्हटलं, तर तिथे गप्प. पहिला धडा पाठ होता तिचा.

मी भाऊसाहेबांना म्हटलं, हे लिहा की. ते भले गृहस्थ होते. त्यांनी तक्ता उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “साहेब, याला रकाना नाही.”

नव्हताच. त्या तीन दिवसांत वीस लाखांच्या आसपास नोंदलेली मुलं वर्गात सापडली नाहीत, आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर कोर्टकचेऱ्या चालल्या. चालू देत. पण जी सापडली त्यांना वाचता येतं का, हे एवढी माणसं एकाच वेळी प्रत्येक शाळेत जाऊनही कोणी विचारलं नाही. शाईच्या बाटलीबरोबर चार ओळींचा एक कागद दिला असता तर आज आपण इथे अंदाजानं भांडत बसलो नसतो. माझ्या सगळ्या नोकरीत असंच चाललं. किचनशेड आहे का, हात धुवायला नळ किती, वजनकाटा चालतो का, फोटो टाकला का, माहिती ‘तात्काळ, आजच, दुपारी दोनपर्यंत’. शिक्षणहक्काच्या कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एका परीक्षेऐवजी वर्षभर प्रत्येक मुलाच्या नोंदी ठेवणं, आलं तेव्हा मला आनंद झाला होता. मग बाजारात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं आली. एका वर्गात मी ओळीनं सगळ्या मुलांपुढे ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ वाचलं. मुलींपुढेसुद्धा ‘होतो’च.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं. म्हणजे मुख्य विषयाला आता सुरुवात करायला हरकत नाही. (हशा.)

तर आकडे. हा रकाना सरकारनं ठेवला नाही, तो मुंबईतल्या ‘प्रथम’ संस्थेनं ठेवला. २००५ पासून त्यांचं ‘असर’ सर्वेक्षण ग्रामीण भागात होतं. शाळेत नाही, घरी जाऊन. एकेका मुलापुढे एक कागद: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते? देशभरात २०१८ साली ५०.५ टक्के. कोरोनानंतर, २०२२ साली ४२.८. २०२४ साली ४८.८. तिसरीत २७.३, मग २०.५, मग २७.१. महाराष्ट्र पाचवीच्या सरासरीच्या वर असतो, यात छाती फुगवण्यासारखं मला काही दिसत नाही. आकडा वीस वर्षं निम्म्याच्या अलीकडे-पलीकडेच घोटाळतोय. उंचावरून कोसळलेला नाही, उंच कधी गेलेलाच नाही. शाळा बंद होत्या तेव्हा खड्डा पडला, तो बराचसा भरला. म्हणून माझं प्रश्नचिन्ह मला परत हवं होतं.

याच मुलांतली पुढे दहावीपर्यंत पोचतात आणि २०२५ साली दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागतो. यावर तुमची मतं मला ठाऊक आहेत, ती चहाला.

दुसरं, ढकलपास. आठवीपर्यंत नापास करायचं नाही या कलमावर सगळं खापर फोडलं जातं. २०१९ साली कायदा बदलला, आता आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. असू दे. पण वाचनाची गाडी चुकते ती पहिली ते तिसरीत. तिसरीचं पुस्तक धरूनच चालतं की मुलाला वाचता येतं. मग परिसर अभ्यासही वाचून, गणितातलं उदाहरणही वाचून. ज्याला जोडाक्षर येत नाही तो पुढची दोन वर्षं फळ्यावरचं वहीत चित्रासारखं उतरवत राहतो, अक्षर सुंदर काढतो, आणि बाईंना वाटतं मुलगा हुशार आहे. त्याला पाचवीत अडवून काय मिळणार? पुन्हा पाचवीचंच पुस्तक. पूर्वीची शाळा त्याला बाहेर काढायची, आताची आत ठेवते, शिकवलं मात्र दोघींनीही नाही. केंद्रानं २०२१ साली ‘निपुण भारत’ आणलं, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे म्हणून. ध्येय बरोबर आहे. त्याचीही ॲपवर माहिती भरायची असते, तेवढं सोडून.

तिसरं, आणि हे मी खरं सांगायला आलो होतो. शाळेतला सर्वांत तयारीचा शिक्षक कुठे असतो? शिष्यवृत्तीच्या वर्गावर. दहाबारा हुशार मुलं, जादा तास, सुट्टीतसुद्धा सराव, मग गुणवत्ता यादीत नाव आणि चौकात फ्लेक्स. गावाला शाळेचा दर्जा कळतो तो त्या फ्लेक्सवरून. पहिलीचा वर्ग कोणाकडे? जो नवा आलाय त्याच्याकडे, नाहीतर ज्याला निवृत्तीला वर्ष राहिलंय त्याच्याकडे. द्विशिक्षकी शाळेत तर चार वर्ग दोघांत, त्यातला एक प्रशिक्षणाला नाहीतर मतदारयादीच्या कामाला, म्हणजे पहिलीला शिक्षक चौथीतली मुलगी. मी केंद्रप्रमुख असताना काही शाळांत ही वाटणी उलटी करून बघितली. सगळ्यांत अनुभवी बाईंना पहिली दिली. बाई रुसल्या, पालक तक्रार घेऊन आले, की शिष्यवृत्तीचं नुकसान होतंय. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिलीतली मुलं पाट्या वाचत घरी जायला लागली, आणि बाईंनीच पुढच्या वर्षी पहिली मागून घेतली. माझी बदली झाली तशी वाटणीही पूर्ववत झाली.

जी मुलं पुढच्या वर्गात गेली त्यांचं काय? त्यांना इयत्तेनं नाही, पातळीनं बसवा. रोज तासभर. पाचवीतला आणि तिसरीतला एका गटात बसला तर आभाळ कोसळत नाही. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत २००१ नंतर बालसखींनी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुलींनी, मागे पडलेल्या मुलांचे असे वेगळे तास घेतले, त्यांची प्रगती मोजली गेली, आणि ती झालेली दिसली. ते मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली नोबेल मिळालं.

इंग्रजी माध्यमाचा मुद्दा राहिला. तो दुसरं व्याख्यान आहे, बोलावलंत तर येईन.

आता वाचनालयासाठी एवढंच. तुमच्या बालविभागात संध्याकाळी कोणी नसतं, मी आज बघितलं. समोरच्या शाळेची तिसरी-चौथीची मुलं तिथे बसवा. गोष्ट सांगू नका, स्पर्धा घेऊ नका. एकेकाला शेजारी बसवून पाच मिनिटं वाचू द्या, नुसतं ऐका, आणि कुठे अडलं ते वहीत लिहून ठेवा. अध्यक्षांनी आत्ताच बालविभागाची किल्ली कोणाकडे असते ते सांगावं, मी जूनमध्ये शाळा उघडल्या की सोमवारी येतो.