टाइमलाइन का अडखळते

पावसाची सर. कॅमेरा स्टँडवर, मागची भिंत जागच्या जागी. तरीही कोडेकला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या पद्धतीला, घाम फोडणारं दृश्य हेच. प्रत्येक थेंब पुढच्या फ्रेममध्ये दुसरीकडे, त्यामुळे आधीच्या फ्रेममधून उसनं घेण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आणि सगळा कारभार उसनवारीवरच चालतो. १९२० बाय १०८०ची एक फ्रेम, ८ बिट, रंगाची माहिती आधीच एक चतुर्थांशावर आणलेली, तरी सुमारे ३.१ मेगाबाइट भरते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे जवळपास ६२२ मेगाबिट. स्ट्रीमिंगसाठी ५ मेगाबिट धरले, तर सव्वाशेतला एक भाग.

चित्र मोठं करू. २००३ सालचं एच.२६४ हे कोडेक फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतं. तसाच तुकडा आधीच्या फ्रेममध्ये सापडला, तर तो कुठून कुठे सरकला एवढंच नोंदवायचं. पडद्यावरचे पिवळे बाण म्हणजे हीच नोंद. उरलेला फरक डीसीटीच्या, म्हणजे पिक्सेलऐवजी ठळक आणि बारीक तपशिलाचे आकडे काढणाऱ्या गणिताच्या, पूर्णांकी रूपातून जातो. डीसीटीचं गणित नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी १९७४मध्ये मांडलं. मग क्वांटायझेशन, आणि खरी काटछाट तिथे: बारीक तपशिलाचे आकडे भागाकारात शून्य होतात. क्यूपी, म्हणजे ही काटछाट किती ते ठरवणारा आकडा, ६ने वाढला की भाजक दुप्पट. संध्याकाळच्या आकाशातले हे पट्टे त्यातूनच आले. आता बिटरेट वाढवून पुन्हा एक्स्पोर्ट केलं, तर फाइल फक्त फुगेल, पट्टे जाणार नाहीत.

आता एडिटिंगची टाइमलाइन. प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची उभी रेघ, मागे ओढताना चित्र अडकतंय, बघा. दोष बहुतेक वेळा मशीनच्या माथी मारला जातो. आय-फ्रेम स्वयंपूर्ण असते. पी आणि बी मात्र इतर फ्रेमवर टेकलेल्या. ५० फ्रेमच्या जीओपीतली, म्हणजे एका आय-फ्रेमपासून सुरू होणाऱ्या गटातली, ४०वी दाखवायची, तर आय-फ्रेमपासून संदर्भाच्या फ्रेम उलगडत यावं लागतं. बघण्यासाठी बनवलेल्या फाइलवर एडिटिंग लादलं की हे होणारच.

म्हणून क्लिप आधी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये बदलून घ्या. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. प्रोरेस ४२२ला १०८०पी २५ फ्रेमसाठी सेकंदाला सुमारे १२२ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला ५५ जीबी. डिस्क पुरत नसेल तर प्रोरेस प्रॉक्सी, म्हणजे फक्त एडिटिंगपुरती हलकी प्रत, ३८ मेगाबिट. मात्र प्रॉक्सीचं फाइलनाव, टाइमकोड आणि ऑडिओ चॅनेलची संख्या मूळ क्लिपशी तंतोतंत जुळू द्या, नाहीतर शेवटी रीलिंक, म्हणजे प्रॉक्सीच्या जागी मूळ क्लिप जोडणं, फसतं. मोबाइलच्या फुटेजचा फ्रेमरेट बदलता असतो. तोही याच टप्प्यावर स्थिर करा; पुढे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जात नाही. फायनल एक्स्पोर्टला प्रॉक्सी नको, मूळ क्लिप जोडलेली हवी.

स्ट्रीमिंगला जाताना त्याच फिल्मच्या वेगवेगळ्या बिटरेटच्या आवृत्त्या बनतात. प्लेयर एका आवृत्तीवरून दुसरीवर उडी मारतो ती सेगमेंटच्या, म्हणजे फाइलच्या छोट्या तुकड्याच्या, सीमेवर, आणि सेगमेंट की-फ्रेमनेच, म्हणजे स्वयंपूर्ण आय-फ्रेमनेच, सुरू व्हायला हवा. २५ फ्रेमला दर ५० फ्रेमवर की-फ्रेम ठेवा, सगळ्या आवृत्त्यांत एकाच जागी. एक्स२६४ हा एच.२६४चा एन्कोडर दृश्य बदललं की आपणहून की-फ्रेम टाकतो. ते सीनकट बंद करा. हे चुकलं तर प्रेक्षकाला फिरतं चाक दिसतं.

२०१८चं एव्ही१ हे नवं कोडेक तोच दर्जा कमी बिटमध्ये देतं, पण एन्कोडला वेळ खातं आणि जुन्या उपकरणांत त्याचा हार्डवेअर डीकोडर नसतो. त्यामुळे एच.२६४ची आवृत्ती सोबत ठेवावीच लागते.