चप्पल निसटल्याचं कळतं का?

मंडळी, पाठदुखीचे पेशंट माझ्याकडे येतात ते जाडजूड फाइल घेऊन. एमआरआयच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मी फाइल बाजूला ठेवतो आणि विचारतो, काय होतंय? उत्तर येतं, "डॉक्टर, गादी सरकलीय, नस दबलीय." अहो, हे झालं रिपोर्टचं म्हणणं. मला तुमच्या पायाला काय वाटतं ते ऐकायचंय.

आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत! उसण भरते, चमक निघते, ठणका लागतो, मुंग्या येतात, आग होते, पाय भरून येतात. प्रत्येक शब्द मला वेगळ्या वाटेने नेतो. वाकताना भरलेली उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते. खोकलं की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत चमक जात असेल, तर मणक्यातून निघणारं नसेचं मूळ दुखावलेलं असू शकतं. दोन्ही तळपायांना सारख्याच मुंग्या असतील, तर मी आधी साखर आणि बी-१२ तपासतो. तिशीच्या आतला मुलगा म्हणाला, की सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ आखडलेली असते आणि चालायला लागलं की मोकळी होते, तर माझ्या डोक्यात मणक्याचा संधिवात येतो.

एक बाई आल्या होत्या, शिवणकाम करणाऱ्या. आठ महिने पाठ दुखत होती, पाय जड झाले होते. कमरेचे दोन एमआरआय झालेले, दोन्हींत किरकोळ झीज. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, शेवटी कुणीतरी सांगितलं, "मनावर घेऊ नका." या वाक्याचा मला आजही राग येतो.

मी विचारलं, चालताना चप्पल निसटते? म्हणाल्या, "हो." निसटल्याचं कळतं का? त्या गप्प झाल्या. यजमान म्हणाले, "हिला नाही हो कळत. मागून मीच उचलून आणतो."

चप्पल निसटतेय हे कळतं पण बोटांनी धरून ठेवता येत नाही, तेव्हा ताकद कमी झालेली असते. निसटल्याचं कळतच नाही, तेव्हा संवेदना गेलेली असते. मी किल्ली घेतली आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेपासून वर रेघ ओढली. मोठ्या माणसाचा अंगठा एरवी खाली वळतो. त्यांचा सावकाश वर गेला. फ्रान्समध्ये बाबिन्स्की या डॉक्टरांनी १८९६ साली नोंदवलेली ही खूण. ती दिसली की बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूत. आणि मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खाली नुसती नसांची मुळं उतरतात. मग कमरेचाच फोटो पुन्हा पुन्हा काढून काय हाती लागणार?

छातीमागच्या मणक्यांचा एमआरआय केला. दोन मणके कुरतडलेले, शेजारी पू. सुईने नमुना काढला, क्षयाचे जंतू शोधणारी जीन-एक्सपर्ट तपासणी झाली: क्षय. रोज संध्याकाळी कणकण यायची, ब्लाउज सैल झाले होते. "पाठीच्या डॉक्टरला तापाचं काय सांगायचं?" असं त्यांना वाटलं होतं. आणि विचारलंही कुणी नव्हतं, ती चूक आम्हा डॉक्टरांची. मणक्याच्या क्षयाची औषधं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त घ्यावी लागतात. सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळतात. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. आता मशीनवर बसतात, पण जिना उतरताना कठडा धरूनच.

मी एमआरआयच्या विरोधात नाही, त्यानेच तर तो पू दाखवला. पण अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, तर निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणून फिल्मवर काहीतरी दिसलं, एवढ्यावर तेच दुखण्याचं मूळ ठरत नाही. कुठला भाग बघायचा, हे तुमच्या बोलण्यातून आणि पायाला हात लावून ठरतं.

आता एक गोष्ट, जी लाजेपोटी घरातही बोलली जात नाही. पाठदुखीबरोबर बैठकीची जागा, जांघेचा आतला भाग बधिर वाटू लागला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. खालच्या मुळांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो आणि ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि पाठीच्या आधी लघवीचं सांगा.