बिल्ला कोणासाठी?

(पुण्यातील एका सोसायटीत, कुत्र्या-मांजरांसाठीचं रेबीज लसीकरण शिबिर सुरू होण्याआधी पशुवैद्यांनी केलेल्या भाषणाचे संपादित रूप.)

मंडळी, खाली पार्किंगमध्ये टेबल मांडलंय, लशी बर्फाच्या डब्यात आहेत आणि तुमची बाळं एकमेकांवर भुंकतायत. तेव्हा फार वेळ घेत नाही.

मघाशी जिन्यात एका काकांनी मला अडवलं. "डॉक्टर, लस ठीक आहे. पण महापालिकेचा परवाना कशाला? कुत्रा माझा, घर माझं, खर्च माझा." प्रश्न रास्त आहे. पण कुत्रा पाळणाऱ्याच्या बाजूने बघत राहिलात तर त्याचं उत्तर सापडणार नाही. ज्याला कुत्रा चावतो, त्याच्या बाजूने बघा.

गेल्या पावसाळ्यात सकाळी सातला एक पेपर टाकणारा मुलगा माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेला दिसला. मी जनावरांचा डॉक्टर, पण त्या वेळी उघडं दार माझंच होतं. पोटरीवर दातांच्या चार खुणा. बेसिनपाशी नेऊन नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं. जाता जाता तो म्हणाला, "तपकिरी होता, गळ्यात लाल पट्टा." पट्टा म्हणजे पाळलेला. पण कोणाचा? तीन सोसायट्यांच्या वॉचमननी एकच उत्तर दिलं, आमच्याकडचा नाही.

त्या पट्ट्याला परवान्याचा बिल्ला असता तर नंबरावरून मालक सापडला असता, लसीची पुस्तिका बघता आली असती. मुख्य म्हणजे कुत्र्यावर पुढचे 10 दिवस नजर ठेवता आली असती. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तो लक्षणं दिसायच्या अगदी थोडे दिवस आधी. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा खाऊनपिऊन ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं समजतात. अर्थात माणसाने त्यासाठी थांबायचं नसतं. इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू करायची. कुत्र्याला लस दिलेली असली तरीसुद्धा. पण त्या पोराच्या आईने जे दहा दिवस काढले, ते एका बिल्ल्याने हलके झाले असते. कारण एकदा लक्षणं दिसली की या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

इंजेक्शन म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांचा हात आपोआप पोटावर जातो. मी सातवीत असताना गावात कुत्रं चावलं, आणि बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं झाली. रोज एक. बसायला व्हायचं नाही. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता चामडीत द्यायची लस दंडावर घेतात, दवाखान्याच्या चार फेऱ्या: पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. जखमेतून रक्त आलं असेल तर तिच्यात आणि तिच्या भोवती सीरम, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं औषध, द्यावं लागतं, ते दुखतं, खोटं सांगत नाही. पण चौदाच्या धाकाने अजूनही लोक मिरची लावून घरी बसतात.

"आमची मनी घराबाहेर जातच नाही" म्हणणाऱ्या ताई इथे असतीलच. मनीलाही रेबीज होतो, आणि गच्चीचं दार एकदा तरी उघडं राहतंच. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दरवर्षी. परवानाही दरवर्षी नवा करायचा आणि त्यासाठी लसीचा दाखला मागतात. परवान्याची तारीख जवळ आली की लसीची आठवण होते, एवढी साधी सोय आहे ती.

उपाय म्हणून कुत्री मारायचा मार्ग या प्रांताने करून पाहिलाय. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारने मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे लावले. शिपाई घराघरांतून पाळलेली कुत्रीही ओढू लागले, पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, इंग्रज फौजेचा अन्नपुरवठा अडला. गोव्याने याच्या उलट केलं. माणसं जाळी घेऊन वाड्यावाड्यावर फिरली, लस टोचलेल्या कुत्र्यावर रंगाचा पट्टा ओढला, मोबाइलमध्ये नोंद केली, आणि हे वर्षानुवर्षं चालू ठेवलं. 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, हा हिशोब जगभर धरतात. भटक्यांत सत्तर गाठायला दम लागतो. तुमची तर सोफ्यावर झोपलेली आहेत!

आता कामाचं. लसीच्या बाटलीवरचं छोटं लेबल मी तुमच्यासमोर सोलून पुस्तिकेत चिकटवीन. त्यावरचा बॅच नंबर आणि मुदत वाचून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. परवान्याच्या अर्जाला प्राण्याचा फोटो लागेल, तो वर हॉलमध्ये काढतील. आणि मांजरवाल्यांनो, मी सांगेपर्यंत टोपलीचं झाकण उघडू नका. मागच्या शिबिरात एक बोका माझ्या गाडीच्या बॉनेटखाली शिरला होता. तो बाहेर आला संध्याकाळी साडेसहाला, तोही बोंबील दाखवल्यावर.