कंपनीचं गाव, सुवर्णरेखेचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलात, की राउरकेला, चक्रधरपूर मागे पडतं आणि टाटानगर येतं. गावाचं नाव जमशेदपूर. पण तिकडची माणसं बोलताना नुसतं ‘टाटा’ म्हणतात. ‘कहाँ जा रहे हो?’ ‘टाटा जा रहे हैं.’ कंपनी आणि गाव यांना एकच नाव पुरतं.

खरं तर टाटांचा हा पोलादाचा कारखाना आपल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातही उभा राहू शकला असता. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ मध्ये लोहाऱ्याच्या लोहखनिजावरचा एक अहवाल आला. जवळच वरोऱ्याचा कोळसा होता. त्यांनी तो जर्मनीत तपासून घेतला, पण या कामासाठी तो उपयोगी ठरला नाही. पुढे १९०४ मध्ये भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचं पत्र आलं : मयूरभंज संस्थानात (आजच्या ओडिशात) उत्तम लोहखनिज आहे. त्याच वर्षी जमशेटजी गेले. काम पुरं केलं ते त्यांचे पुत्र दोराबजी यांनी. १९०७ साली मुंबईत भागविक्री खुली झाली, तेव्हा स्वदेशीच्या त्या लाटेत सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत लागेल तेवढं भांडवल उभं केलं.

मग जागा शोधणं आलं. दक्षिणेला मयूरभंजातल्या गोरुमहिसाणीचं खनिज, उत्तरेला झरियाचा कोळसा, कालीमाटीला रेल्वेचं स्थानक. आणि पाणी? पोलादाचा कारखाना फार तहानलेला असतो. भट्ट्या थंड ठेवायला, कोळसा भाजून केलेला कोक विझवायला, पाणी अखंड लागतं. ते मिळालं साकचीला, सुवर्णरेखा आणि खरकई या नद्यांच्या संगमापाशी. हा संगम म्हणजे दोमुहानी. सुवर्णरेखेच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात. वाळू धुऊन ते वेचणारी माणसं या नदीकाठाला पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

इथे थोडं थांबायला हवं. साकची म्हणजे मोकळं रान नव्हतं. संथाळ, हो, भूमिज लोकांची गावं तिथे होती. साकची, कदमा, सोनारी ही नावं आजही वस्त्यांना आहेत. पण त्या जमिनीवर नांगर धरणाऱ्यांची कथा शहराच्या इतिहासात फार थोडक्यात उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

१९१२ च्या फेब्रुवारीत पहिलं पोलाद निघालं. त्याच वर्षी आठ तासांची पाळी आली. १९२० मध्ये भविष्य निर्वाह निधी आणि पगारी रजा, १९२८ मध्ये प्रसूतीचे लाभ. देशात हे कायद्याने येण्याआधी इथे आलं, याचा अभिमान जरूर बाळगावा. रुंद रस्ते करा, सावलीची झाडं लावा, मैदानांना जागा ठेवा, मंदिर, मशीद, चर्च यांनाही जागा राखा, असं जमशेटजींनी १९०२ मध्येच मुलाला कळवलं होतं. पण सगळं आपोआप मिळालं असंही नाही. १९२० आणि १९२८ चे संप मोठे होते. १९२८ साली सुभाषचंद्र बोस कामगार संघटनेचे अध्यक्ष झाले.

१९१९ साली साकचीचं जमशेदपूर झालं, कालीमाटीचं टाटानगर. पहिल्या महायुद्धात इथले रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले होते. त्याची ही पावती.

आता त्या गावातला नळ डोळ्यांसमोर आणा. कंपनीच्या भाडेपट्ट्याच्या हद्दीत पाणी, वीज, रस्ते, कचरा, सगळं कंपनीकडे. दिवा गेला, नळ सुकला, तर तक्रार कंपनीच्याच दारात. कामही नीट होतं. मात्र तिथे नगरसेवक निवडून देता येत नाही. १९९२ च्या घटनादुरुस्तीत औद्योगिक वसाहतींसाठी तशी सवलत आहे. मला वाटतं, सोय आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चांगलं पाणी मिळतंय म्हणून ते कोण देणार आणि किती देणार, हे विचारायचा अधिकार सोडून देता येत नाही.

सुवर्णरेखा ओलांडली की मानगो. हद्दीबाहेरचं. कारखान्याचा भोंगा इथेही ऐकू जातो, इथूनही माणसं पाळीला जातात. संध्याकाळी पुलावरून घरी परततात तेव्हा खालून तीच नदी वाहत असते. तिचंच पाणी दोन्ही काठांना हवं आहे.

नमस्कार.